अवसादरोधी औषधे व स्त्रियांचे लैंगिक स्वास्थ्य

अवसाद म्हणजे दीर्घकाळ टिकणारे नैराश्य, उत्साहनाश व जीवनविषयक अनास्था. या विकारावर दिल्या जाणाऱ्या औषधांना अवसादरोधी औषधे म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या औषधांमुळे असंख्य रुग्णांचे जीवन सुसह्य झाले. परंतु त्यांपैकी अनेक औषधांचा कामेच्छा, कामोद्दीपन व कामपूर्ती यांवर प्रतिकूल परिणाम होतो, हेही हळूहळू निदर्शनास आले. स्त्रियांच्या बाबतीत हा परिणाम ओळखला जाण्यास विशेष विलंब लागला. त्याचे कारण औषधाच्या दुर्बोध क्रियेत नसून प्रामुख्याने रुग्ण व वैद्य यांच्यातील मौनात होते. रुग्ण स्त्री आपण होऊन बोलत नसे आणि वैद्य विचारीत नसे. या विषयाचा इतिहास हा बव्हंशी तो प्रश्न विचारला जाऊ लागण्याचा इतिहास आहे. त्यातील काही महत्त्वाचे टप्पे मुंबईशी निगडित आहेत.

लैंगिक स्वास्थ्य व अवसाद : स्त्रीच्या लैंगिक प्रतिसादाचे कामेच्छा, कामोद्दीपन (योनिमार्गातील आर्द्रता व रक्ताभिसरणातील वाढ यांसह) आणि कामपूर्ती असे स्थूल टप्पे मानले जातात. यांपैकी कोणत्याही टप्प्यात व्यत्यय येऊ शकतो. अवसाद हा विकारच मुळात कामेच्छा क्षीण करणारा आहे. त्यामुळे उपचार चालू असता उद्भवलेली तक्रार रोगाची की औषधाची, हे ठरविणे सोपे नसते. उपचारापूर्वीची स्थिती नोंदविलेली असेल, तरच हा निवाडा विश्वसनीय ठरतो. सामान्यतः रोगाबरोबर आलेली अनास्था मन सुधारू लागताच कमी होते. उलट मन प्रसन्न होऊनही कामपूर्ती नव्याने दुर्लभ झाली असेल, तर औषधाकडे लक्ष देणे इष्ट ठरते. वय, ऋतुनिवृत्ती, प्रसूत्युत्तर काळ, मधुमेहासारखे विकार, अन्य औषधे आणि पतिपत्नींतील संबंध यांचाही विचार करावा लागतो.

मुंबईतील लैंगिक विचाराची परंपरा : लैंगिक जीवनाविषयी उघडपणे प्रश्न विचारण्याची परंपरा महाराष्ट्रात औषधांच्या आधीची आहे. र. धों. कर्वे (१८८२–१९५३) यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून अखेरपर्यंत समाजस्वास्थ्य हे मासिक चालविले. स्त्रीलाही कामसुखाचा पुरुषाइतकाच अधिकार आहे, हे त्यांच्या प्रतिपादनाचे एक मुख्य सूत्र होते. वाचकांच्या शंकांना दिलेली उत्तरे हा या मासिकाचा महत्त्वाचा भाग होता आणि अशा उत्तरांबद्दलच त्यांच्यावर १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यात कर्वे यांची बाजू मांडली. तथापि कर्वे यांना दंड झाला. लैंगिक प्रश्नाला उत्तर देणे हाच ज्या समाजात गुन्हा ठरू शकत होता, त्या समाजातील स्त्री वैद्यापुढे असा प्रश्न काढील, ही अपेक्षा फोलच होती.

याच शहरातून डॉ. ए. पी. पिल्ले यांनी १९३४ मध्ये मॅरेज हायजीन हे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. पुढे ते इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी या नावाने निघू लागले. देशोदेशींचे संशोधक त्यात लिहीत. स्त्रियांच्या कामपूर्तीतील मूत्रमार्गाच्या भागाचे कार्य विशद करणारा एर्न्स्ट ग्रेफेनबर्ग यांचा प्रसिद्ध लेख १९५० साली मुंबईच्या या नियतकालिकातच प्रसिद्ध झाला. म्हणजे स्त्रीची कामपूर्ती हा शास्त्रीय अभ्यासाचा विषय आहे, हे मुंबईत अवसादरोधी औषधांच्या उदयापूर्वीच मान्य झालेले होते.

औषधांचा उगम : मुंबईचा दुसरा संबंध औषधांशी आहे. सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यकात पूर्वापार वापरात होती. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली कलकत्ता येथून तिच्या मनोविकारांवरील व रक्तदाबावरील उपयोगासंबंधी लेखन केले. मुंबईचे हृद्रोगतज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील (१९११–७४) यांनी १९४९ साली उच्च रक्तदाबावरील तिच्या परिणामाचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि या वनस्पतीकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले. स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५२ साली तिच्यातील रिसर्पीन हे कार्यकारी द्रव्य वेगळे केले. रक्तदाबासाठी रिसर्पीन घेणारे काही रुग्ण अवसादग्रस्त होतात, असे पुढे नोंदले गेले. हे द्रव्य मेंदूतील सेरोटोनीन, नॉरअॅड्रेनॅलीन इ. तंत्रिका-संदेशवाहकांचा साठा रिता करते, असेही आढळले. अवसादाचा संबंध या द्रव्यांच्या न्यूनतेशी असावा, या कल्पनेला त्यातून बळ मिळाले. १९६५ साली अमेरिकन मनोविकारतज्ञ जोसेफ शिल्डक्राउट यांनी ती सुसूत्रपणे मांडली. रिसर्पीनमुळे खरोखर किती रुग्णांना अवसाद होतो, याविषयी पुढे शंका घेण्यात आल्या आणि ही उपपत्ती अपुरी असल्याचेही मान्य झाले. परंतु नव्या औषधांच्या शोधाला तिने दिशा दिली.

प्रत्यक्ष औषधे मात्र बव्हंशी योगायोगाने हाती आली. क्षयरोगावरील इप्रोनियाझिड घेणारे रुग्ण उल्हसित होतात, असे १९५२ च्या सुमारास अमेरिकेत दिसून आले आणि १९५७ पासून ते अवसादावर वापरले जाऊ लागले. त्याच वर्षी स्विस मनोविकारतज्ञ रोलांट कून (१९१२–२००५) यांनी इमिप्रामीन या औषधाचा अवसादरोधी गुण प्रसिद्ध केला. रेणूतील तीन कड्यांच्या रचनेमुळे इमिप्रामीनच्या वर्गाला त्रिवलयी औषधे म्हणतात. सीबा कंपनीने मुंबईत गोरेगाव येथे उभारलेले संशोधन केंद्र १९६३ साली सुरू झाले. तेथे विकसित झालेले नायट्रॉक्साझेपीन हे त्रिवलयी औषध १९८२ साली सिंटामिल या नावाने भारतात विक्रीस आले. भारतात शोधल्या गेलेल्या मोजक्या नव्या औषधांत त्याची गणना होते.

याप्रमाणे लैंगिक विचार व मानसौषधे या दोन्ही क्षेत्रांत मुंबईने स्वतंत्रपणे मोलाची भर घातली. तथापि हे दोन प्रवाह एकमेकांना मिळाले नाहीत. एकात स्त्रीच्या कामजीवनाची चर्चा होती, पण औषधांची नव्हती. दुसऱ्यात औषधांची परीक्षा होती, पण ती घेणाऱ्या स्त्रीच्या कामजीवनाची विचारपूस नव्हती.

दुष्परिणामांची ओळख : पुरुषांतील वीर्यस्खलनाचा विलंब किंवा शिस्नताठरतेचा अभाव ही दृश्य लक्षणे असल्याने मानसौषधांच्या या परिणामाच्या प्रारंभीच्या नोंदी मुख्यतः पुरुषांविषयी आहेत. स्त्रीची कामपूर्ती न होणे हे इतरांना दिसत नाही; तिने सांगितले, तरच ते कळते. इमिप्रामीन व फेनेल्झीन ही औषधे निरौषधी गोळीशी ताडून पाहणारा एक नियंत्रित अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही औषधांमुळे पुरुषांप्रमाणेच स्त्रियांच्याही लैंगिक कार्यात घट होते, असे त्यातून दिसले. त्याच वर्षी ट्रॅझोडोन घेणाऱ्या काही स्त्रियांत उलट कामेच्छा वाढल्याची नोंद झाली. सर्व अवसादरोधी औषधे या बाबतीत सारखी नाहीत, हे त्यावरून सूचित झाले.

या इतिहासातील निर्णायक अभ्यास १९८७ साली लंडन येथे झाला. कल्पना-क्रिया अनिवार्यता विकारासाठी क्लोमिप्रामीन घेणाऱ्या आणि पूर्वी कामपूर्ती सुरळीत असलेल्या २४ स्त्रीपुरुषांपैकी जवळजवळ सर्वांची कामपूर्ती अंशतः वा पूर्णतः बंद झाली होती. निरौषधी गोळी घेणाऱ्यांत हा दोष आढळला नाही. त्याहून उद्बोधक गोष्ट अशी की, लेखी प्रश्नावलीत केवळ ३६ टक्के रुग्णांनी ही तक्रार नोंदविली होती. प्रत्यक्ष मुलाखतीत मात्र ती ९६ टक्क्यांत आढळली. औषध तेच, रुग्ण तेच. बदलली ती फक्त विचारण्याची रीत.

याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्झेटीनला मान्यता मिळाली. सेरोटोनिनाचे पुनर्ग्रहण निवडकपणे रोखणाऱ्या या वर्गातील औषधे (सर्ट्रालीन, पॅरोक्झेटीन, सिटॅलोप्रॅम इ.) त्रिवलयी औषधांच्या मानाने निर्धोक असल्याने झपाट्याने रूढ झाली. स्पेनमधील संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या ३४४ रुग्णांच्या अभ्यासात आपण होऊन लैंगिक तक्रार सांगणारे सु. १४ टक्के होते. थेट विचारल्यावर हेच प्रमाण ५८ टक्के झाले. त्यांच्याच २००१ सालच्या १,०२२ रुग्णांच्या अभ्यासात दोषाचे प्रमाण पुरुषांत ६२·४ टक्के व स्त्रियांत ५६·९ टक्के आढळले. मात्र त्याची तीव्रता स्त्रियांत अधिक होती. स्त्रियांच्या लैंगिक कार्याचे मापन करणारी १९ प्रश्नांची एक प्रमाणित सूची २००० साली तयार झाली आणि अभ्यासांची परस्परांशी तुलना करणे सुकर झाले. चंडीगढ येथील संशोधकांनी २०१२ साली केवळ अवसादरोधी औषधे घेणाऱ्या विवाहित स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीय स्त्रीही विश्वासाने व एकांतात विचारल्यास उत्तर देते, हे अशा अभ्यासांनी दाखवून दिले.

क्रियाविधी : मेंदूतील डोपामीन सामान्यतः कामेच्छेस पोषक असते, तर सेरोटोनिनाची वाढलेली क्रिया विशिष्ट ग्राहकांच्या द्वारे ती मंदावते आणि मेरुरज्जूच्या पातळीवर कामपूर्तीचा प्रतिक्षेप रोखते. काही औषधांनी प्रोलॅक्टिनाचे प्रमाण वाढून कामेच्छा कमी होते. जननेंद्रियांतील रक्ताभिसरण वाढविणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडच्या कार्यातही व्यत्यय येत असावा. त्रिवलयी औषधांच्या अॅसिटिलकोलीनविरोधी गुणामुळे तोंडाप्रमाणे योनिमार्गही कोरडा पडू शकतो व संभोग वेदनादायक होतो. ब्युप्रोपिऑन, मिर्टाझेपीन, अॅगोमेलॅटीन यांसारख्या वेगळ्या मार्गाने कार्य करणाऱ्या औषधांत हे परिणाम तुलनेने कमी आढळतात.

उपाययोजना : औषध अचानक बंद करणे हा सर्वांत घातक मार्ग होय. त्यामुळे चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश इ. लक्षणे उद्भवतात आणि मूळ अवसाद उलटून रुग्णाच्या जिवासही धोका पोहोचू शकतो. वैद्याच्या सल्ल्याने काही काळ वाट पाहणे, मात्रा कमी करणे, औषध बदलणे किंवा दुसऱ्या औषधाची जोड देणे, हे उपाय केले जातात. सेरोटोनीन-औषधांमुळे लैंगिक दोष उद्भवलेल्या ९८ स्त्रियांवर सिल्डेनाफिलची चाचणी घेण्यात आली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत प्रामुख्याने कामपूर्तीच्या क्षमतेत काही सुधारणा दिसली. मुळात अवसादरोधी म्हणून तयार केलेले फ्लिबॅन्सेरीन त्या कामी अपुरे ठरले. परंतु कामेच्छेच्या अभावावर उपयुक्त म्हणून त्यास अमेरिकेत २०१५ साली ऋतुनिवृत्तिपूर्व स्त्रियांसाठी मान्यता मिळाली. औषध थांबविल्यानंतरही काही रुग्णांत लैंगिक दोष टिकून राहतो, अशी सूचना औषधासोबतच्या माहितीपत्रकात असावी, अशी शिफारस यूरोपीय औषध नियामक संस्थेने २०१९ साली केली.

महाराष्ट्रातील स्थिती : भारतीय एकस्व अधिनियम, १९७० याने औषधी द्रव्यांवरील एकस्व (पेटंट) रद्द केले व २००५ पर्यंत ही स्थिती टिकली. त्यामुळे फ्लुओक्झेटीनसारखी औषधे अनेक भारतीय कंपन्यांनी अल्प किंमतीत तयार केली व ती तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २०१८ पासून अंमलात आला. उपचारांच्या संभाव्य दुष्परिणामांची माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्क असल्याचे तत्त्व त्याने दृढ केले. बारामती येथे २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने बारामती तालुक्यातील सांगवीसारख्या गावांना जवळच्या शहरात वैद्यकीय शिक्षणाचे केंद्र लाभले.

औषध गावापर्यंत पोहोचणे व त्याविषयीचा संवाद पोहोचणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. ग्रामीण स्त्री बहुधा पती, सासू वा अन्य नातलगासह दवाखान्यात येते. तिची हकीकत पुष्कळदा तेच सांगतात. गोळ्यांमुळे झोप येते, तोंड कोरडे पडते, हे सांगणे तिला शक्य असते. याहून खाजगी तक्रार सर्वांसमक्ष सांगणे शक्य नसते. परिणामी ती मुकाट्याने सोसते, किंवा कोणास न सांगता गोळ्या बंद करते. तिचा आजार उलटल्यास त्याचे खापर औषधाच्या निष्फळतेवर वा तिच्या स्वभावावर फोडले जाते. उपचारापूर्वी व उपचार चालू असताना, एकांतात व साध्या शब्दांत केलेली विचारपूस हा या समस्येवरील सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे. लंडन व स्पेनमधील अभ्यासांनी तिची उपयुक्तता आकड्यांनी सिद्ध केली. अशा प्रश्नोत्तरांची आवश्यकता समाजस्वास्थ्यने महाराष्ट्रात त्यापूर्वी अर्धशतक प्रतिपादिली होती.