संयुक्त मानापमान आणि विंगेतली माणसं

१९३३ साली हॉलिवूडमध्ये 'फॉर्टी-सेकंड स्ट्रीट' नावाचा चित्रपट आला. अमेरिकेत तेव्हा महामंदी होती. एक आजारी, कर्जबाजारी दिग्दर्शक शेवटचा डाव म्हणून एक संगीत नाटक बसवायला घेतो. तालमी होतात, भांडणं होतात आणि प्रयोगाच्या आदल्या रात्री मुख्य नटीचा पाय मोडतो. मग समूहनृत्यातल्या एका नवख्या मुलीला तिच्या जागी उभं करतात आणि ती प्रयोग जिंकते. पुढे अशा चित्रपटांची रांगच लागली. 'नाटक कसं उभं राहिलं' हीच ज्यांची गोष्ट, असे विनोदी संगीतपट.

या चित्रपटाचा शेवट मला विशेष आवडतो. प्रयोग संपलाय, प्रेक्षक बाहेर पडतायत. दिग्दर्शक थिएटरबाहेरच्या जिन्यावर एकटाच बसलाय. लोक त्या नव्या मुलीचं कौतुक करतात आणि वर म्हणतात, याला काय, आयतंच श्रेय मिळालं. तो ऐकतो आणि गप्प राहतो.

मराठीत ही गोष्ट कोणती, असा विचार केला तर मला चित्रपट आठवत नाही, एक खरी रात्र आठवते. ८ जुलै १९२१. मुंबईचं बालीवाला थिएटर. नाटक 'संगीत मानापमान'. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकाच रंगमंचावर. बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर, गणपतराव बोडसांचा लक्ष्मीधर. हाच तो 'संयुक्त मानापमान'. मराठी नाट्यरसिकांच्या चार पिढ्या या रात्रीच्या आठवणी सांगत आल्या आहेत.

'मानापमान' ही मुळात कॉमेडीच. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं हे नाटक १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने प्रथम रंगमंचावर आणलं. श्रीमंत घरची भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला झिडकारते, मग वनमालेचं सोंग घेऊन त्याच्या छावणीत जाते आणि त्याच्या प्रेमात पडते. भित्रा लक्ष्मीधर दागिन्यांनी मढून हशा वसूल करतो. त्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची लहान मुलगी वारली होती आणि तरी ते तोंडाला रंग लावून उभे राहिले. हॉलिवूडने ज्या 'काहीही झालं तरी प्रयोग झालाच पाहिजे' या वाक्यावर इतके चित्रपट काढले, ते वाक्य आपल्याकडे असं पाळलं गेलं.

१९२१ चा प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी होता. एक कोटी रुपये जमवायचं आवाहन काँग्रेसने केलं होतं. त्या काळाकडे जरा नीट पाहा. असहकार आणि खिलाफत, दोन्ही चळवळी हातात हात घालून चालल्या होत्या. या प्रयोगानंतर तीनच आठवड्यांनी, ३१ जुलैला, परळमध्ये परदेशी कापडाची मोठी होळी पेटली, ती उमर सोबानी या मुसलमान गिरणीमालकाच्या गिरणीच्या आवारात. आणि ज्या थिएटरात 'संयुक्त मानापमान' झाला, त्याला नाव होतं खुरशेदजी बालीवाला यांचं. हे पारशी नट, व्हिक्टोरिया नाटक मंडळीचे चालक. त्यांचं नाव गाजलं ते प्रामुख्याने उर्दू नाटकांवर.

म्हणजे मराठी संगीत रंगभूमीची सगळ्यांत गाजलेली रात्र एका उर्दू नाटकवाल्याच्या नावाच्या घरात साजरी झाली. हा केवळ योगायोग, असं कुणी म्हणेल. मी म्हणत नाही. त्याचं कारण सांगतो.

मी गोवंडीत राहतो आणि मराठीत लिहितो. या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या की समोरचा माणूस जरा थबकतो. मग कधी हसत, कधी कुतूहलाने विचारतो, 'तुम्हाला नाट्यसंगीतात रस कसा काय?' प्रश्नात वाईट हेतू नसतो. पण त्यामागे एक समजूत असते, की संगीत नाटक हे एका विशिष्ट घरातलं चांदीचं ताट आहे आणि आम्ही पाहुणे. या समजुतीला इतिहासाचा आधार किती, ते तपासायला हवं.

सुरुवात १८८० पासून करू. बेळगावकडचे, पण पुण्यात सरकारी नोकरी करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर एका पारशी कंपनीचं 'इंद्रसभा' पाहायला गेले. गाण्यांतून पुढे सरकणारं ते नाटक पाहून त्यांना वाटलं, असं मराठीत का होऊ नये? त्यांनी कालिदासाचं 'शाकुंतल' हाती घेतलं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्याचे पहिले चार अंक झाले आणि मराठी संगीत नाटकाचं युग सुरू झालं. ही हकीकत नाट्येतिहासाच्या बहुतेक पुस्तकांत असते. पण 'इंद्रसभा' कुणाचं, हे सांगायला पुस्तकं सहसा थांबत नाहीत. ते लखनौच्या आगा हसन 'अमानत' यांचं. उर्दू कवी, वाजिद अली शाहच्या काळातले. इंद्राच्या दरबारातल्या पऱ्या, हिंदू पुराणातला राजा, उर्दू गजल, ठुमरी आणि होरी, असं सगळं एकाच नाटकात नांदत होतं.

याचा अर्थ मराठी संगीत नाटक उर्दूची नक्कल आहे, असा अजिबात नाही. किर्लोस्करांच्या मागे विष्णुदास भाव्यांची परंपरा होती, कीर्तन होतं, लावणी होती, साकी-दिंडी होती, आणि सर्वांत वर त्यांची स्वतःची प्रतिभा होती. पण ठिणगी कुठून आली, हे सांगितल्याने दिव्याचा उजेड कमी होत नाही.

पुढे गाण्याकडे या. 'मानापमान'ला चाली दिल्या गोविंदराव टेंब्यांनी. त्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-कजरी-गजलच्या ढंगाच्या चाली मराठी पदांना इतक्या बेमालूम चढवल्या की आज त्या आपल्याला मूळच्याच वाटतात. टेंबे अल्लादियाखाँसाहेबांचे निस्सीम भक्त, त्यांच्यावर पुस्तक लिहिणारे. 'स्वयंवर'ला १९१६ मध्ये संगीत दिलं भास्करबुवा बखल्यांनी, जे बालगंधर्वांचे गुरू. बुवांचे गुरू कोण? बडोद्याचे फैज महंमदखाँ, आग्रा घराण्याचे नत्थनखाँ आणि मग जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँ. तीन उस्तादांची तालीम एका ब्राह्मण गवयाच्या गळ्यातून बालगंधर्वांपर्यंत आणि तिथून महाराष्ट्राच्या माजघरापर्यंत पोचली. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीमखाँची कन्या हिराबाई बडोदेकर तर स्वतः संगीत नाटकांतून उभी राहिली.

आता रंगमंचाच्या पुढच्या कडेला, साजिंद्यांकडे पाहा. बालगंधर्वांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. थिरकवा मुरादाबादचे, उस्ताद मुनीरखाँचे शागीर्द. पुढे १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पण तबल्याच्या जगात 'उस्तादांचे उस्ताद' ठरलेल्या या माणसाची ऐन तारुण्यातली कित्येक वर्षं मराठी नाटक कंपनीच्या बिऱ्हाडात गेली. मराठी पदाची जागा कुठे येते, नट कुठे श्वास घेतो, वन्समोअर आला की ठेका कुठून उचलायचा, हे त्यांना ठाऊक असल्याशिवाय ती गाणी तशी झालीच नसती. आणि मागे घुमणारा तंबोरा? मिरजेच्या शिकलगारांनी घडवलेल्या तंबोऱ्यांना त्या काळात तोड नव्हती. शिकलगार म्हणजे मुळात हत्यारांना धार लावणारे, हत्यारं घडवणारे कारागीर. तलवारींचे दिवस सरले तेव्हा त्यांनी भोपळ्याला तारा चढवल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा या कारागिरांची नावं थोडीफार वर्तमानपत्रांत आली.

आणि भाषेचं काय? नाटक बसवताना आपण करतो ती 'तालीम'. हा अरबी शब्द, अर्थ शिक्षण. वर जातो तो 'पडदा', फारसी. 'साज', 'साजिंदे', 'मैफल' हे सगळे शब्द त्याच वाटेने आलेले. मराठी माणूस ते उच्चारताना कुणाचे आहेत असं विचारत नाही, आणि ते बरोबरच आहे. ते आता मराठीचेच आहेत. माझं म्हणणं एवढंच, की शब्दांना जी मोकळीक दिली ती माणसांनाही द्यावी.

ती न मिळाल्याचं सर्वांत बोचरं उदाहरण म्हणजे गोहरबाई कर्नाटकी. विजापूरकडची ही गायिका, अमीरबाई कर्नाटकींची बहीण. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ती बालगंधर्वांच्या नाटकांत आली, बालगंधर्व ज्या भूमिका करत त्या स्त्रीभूमिका करू लागली, त्यांच्याच ढंगाने गाऊ लागली. १९५१ मध्ये दोघांनी लग्न केलं. त्यानंतर मराठी सुशिक्षितांमध्ये एक कथा रुजली, की गोहरने नारायणरावांना नादी लावलं आणि गंधर्व कंपनी बुडवली.

तारखा काय सांगतात? कंपनीवरचं कर्ज 'संयुक्त मानापमान'च्या सुमारासच डोंगराएवढं होतं. खरे शालू, उंची अत्तरं, महागडे पडदे, यांत बालगंधर्वांनी कधी हात आखडला नाही. बोलपट आल्यावर नाटकांचा प्रेक्षक पांगला. १९३५ मध्ये बालगंधर्व 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाले, ते कंपनीचा गाडा थांबला म्हणूनच. हे सगळं गोहरबाई येण्याआधीचं. म्हणजे बुडत्या जहाजावर जी बाई चढली, तिलाच भोक पाडल्याबद्दल दोषी धरलं गेलं. शेवटच्या वर्षांत बालगंधर्वांचे पाय गेले, तेव्हा त्यांचं सगळं तिनेच केलं. १९६४ मध्ये ती गेली, १५ जुलै १९६७ रोजी बालगंधर्व गेले. गोहरबाईंमध्ये दोष नव्हते असं मी म्हणत नाही, ती माणूस होती. पण हिशोबाच्या वहीत ज्या वर्षाचा खर्च, त्याच वर्षात लिहायचा असतो.

याच १९६७ सालाच्या अखेरीस, २४ डिसेंबरला, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं. नायक म्हणा, प्रतिनायक म्हणा, मध्यभागी उभा आहे खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले, आणि ती भूमिका केली वसंतराव देशपांड्यांनी. अहंकारी, पण सुरांपुढे वितळणारा हा खाँसाहेब मराठी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. ज्या माणसाला आपण इतकी वर्षं साथीला बसवलं, तो इथे पहिल्यांदा समोर आला. वसंतरावांच्या तोंडी खाँसाहेबांचा उर्दूमिश्रित बाज कुणालाही परका वाटला नाही. म्हणून मी निराश नाही. जागा मोकळी केली, तर प्रेक्षक स्वागत करतो, हे 'कट्यार'ने सिद्ध केलं आहे.

गोवंडीत राहणाऱ्या माणसाला हे सगळं जास्त का दिसतं, तेही सांगतो. आमची वस्ती या शहराची विंग आहे. इथल्या पोटमाळ्यांवर जरीचे कारखाने आहेत. लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाभोवती चार-चार कारागीर मांडी घालून बसतात आणि टिकली-टिकली टाचत जातात. ते कापड पुढे लग्नात, नाचाच्या कार्यक्रमात किंवा कॅमेऱ्यासमोर चमकतं. मांडव बांधणारी पोरं इथली, दिवे लावणारी इथली. शेजारच्या चेंबूरला राज कपूरचा आर. के. स्टुडिओ होता. त्याचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट 'आग' (१९४८) हाही नाटकाचं वेड घेतलेल्या तरुणाचाच. स्टुडिओ २०१७ च्या आगीत होरपळला आणि नंतर विकला गेला. तिथे काम करून गेलेल्या शिंपी, सुतार आणि रंगाऱ्यांची यादी आज कुणाकडे असेल?

'फॉर्टी-सेकंड स्ट्रीट'सारख्या चित्रपटांनी निदान विंगेत कॅमेरा नेला. घामाने भिजलेल्या मुली, पियानोवर तीच ओळ शंभरदा वाजवणारा वादक, पैसे लावणारा शेठ, हे सगळं त्यांनी दाखवलं. तरी त्या चित्रपटांतसुद्धा गोरे चेहरेच पुढे होते. ज्या कृष्णवर्णीय कलावंतांनी टॅप नाच आणि जॅझ अमेरिकेला दिला, ते फार तर एखाद्या चौकटीत दिसले. तेव्हा हा रोग एकट्या आपला नाही. पण औषध आपलं आपल्यालाच घ्यावं लागेल.

मागणं मोठं नाही. दरवर्षी ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो. त्या दिवशी नटराजासमोर नारळ फुटतो, भाव्यांचं, किर्लोस्करांचं, बालगंधर्वांचं नाव निघतं. त्या यादीत अमानत लखनवी, थिरकवा, कादरबक्ष आणि गोहरबाई ही चार नावं घालावीत. 'मानापमान'ची पदं आजही मैफलींत होतात. निवेदकाने गायकाबरोबर एक वाक्य तबल्याबद्दल, एक तंबोरा कुणी घडवला त्याबद्दल बोलावं. शाळेतल्या मुलांना 'शाकुंतल'ची गोष्ट सांगताना 'इंद्रसभा'चा कवी कोण, तेही सांगावं.

मराठीत 'दाद' या शब्दाला दोन क्रियापदं लागतात. गाणं आवडलं की आपण दाद देतो, आणि अन्याय झाला की दाद मागतो. फारसीत दाद म्हणजे न्यायच. थिरकवांच्या ठेक्याला मराठी प्रेक्षकाने पहिली दाद तेव्हाच भरभरून दिली होती. दुसरी मागायला शंभर वर्षं म्हणजे काही फार उशीर नाही.