रामन यांचा प्रकाश आणि टाकीतली साखर

आजच्या भागात आपण एका स्टीलच्या टाकीत डोकावणार आहोत. या टाकीला म्हणतात बायोरिॲक्टर. आत कोमट पोषक द्रव सतत ढवळलं जातं आणि त्यात कोट्यवधी जिवंत पेशी वाढत असतात. कॅन्सरवरची, संधिवातावरची कितीतरी अँटिबॉडी औषधं अशा पेशींकडूनच बनवून घेतात.

या पेशींचं मुख्य खाणं म्हणजे ग्लुकोज. ते संपलं की पेशी उपाशी मरायला लागतात. भरमसाट दिलं, तर त्या लॅक्टेट सोडत सुटतात आणि स्वतःचंच घर घाण करतात. अशी एक बॅच साधारण दोन आठवडे चालते. मग आत साखर किती उरलीय, हे कळणार कसं?

जुना मार्ग साधा होता. दिवसातून एक-दोनदा नमुना काढायचा आणि मशीनमध्ये तपासायचा. पण दोन नमुन्यांच्या मधे, रात्री-बेरात्री काय घडलं ते कळायचं नाही. शिवाय दर वेळी टाकीत जंतू शिरण्याची धास्ती. एकदा शिरले की अख्खी बॅच फेकून द्यायची!

टाकी न उघडता आत बघायची किल्ली मात्र आपल्याच देशात सापडली होती. २८ फेब्रुवारी १९२८, कोलकाता. सी. व्ही. रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन द्रवांमधून प्रकाश सोडून बघत होते. बहुतेक प्रकाश जसा गेला तसाच विखुरला, पण अगदी थोड्या प्रकाशाचा रंग किंचित बदलला. हा बदल रेणूनुसार वेगळा असतो. म्हणजे रेणूची सहीच म्हणा ना! १९३० मध्ये रामन यांना नोबेल मिळालं, आणि २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो तो याच शोधासाठी.

मग काम तिथेच का झालं नाही? कारण ही सही फार फिकट असते. साधारण कोटीभर फोटॉनपैकी एखादाच असा बदलतो. तेव्हा फोटोच्या काचेवर ती उमटायला तासन् तास लागायचे. १९६० मध्ये लेसर आला, पुढे चांगले डिटेक्टर आणि ऑप्टिकल फायबर आले, आणि सही स्पष्ट दिसू लागली. पाण्याचा स्वतःचा रामन सिग्नल कमजोर असतो, त्यामुळे पाण्याने भरलेल्या टाकीसाठी ही पद्धत सोयीची.

पण आता खरी पंचाईत पुढे होती. टाकीत ग्लुकोज एकटं नसतं. लॅक्टेट, अमिनो ॲसिड, प्रथिनं, पेशी, सगळ्यांच्या सह्या एकाच कागदावर, एकमेकींवर केलेल्या! वाचायच्या कुणी?

इथे कथेत रसायनाबाहेरची माणसं येतात. अमेरिकेच्या कृषी खात्यात बेल्ट्सव्हिलला कार्ल नॉरिस नावाचे इंजिनिअर धान्यातला ओलावा प्रकाशाने मोजत होते. त्यांच्याही आलेखात सगळी शिखरं एकमेकांत मिसळलेली. त्यांनी शिखरं वेगळी करायचा हट्ट सोडला आणि अनेक तरंगलांबींचे आकडे एकत्र घेऊन गणिताने उत्तर काढलं. १९६४ मध्ये साविट्झकी आणि गोले यांनी आलेखातली खरखर कमी करण्याची कॉम्प्युटरला सोपी रीत दिली. ती आजही रोज वापरात आहे.

आणि मग स्वीडनचे बाप-लेक. वडील हर्मन वोल्ड अर्थशास्त्रातले संख्याशास्त्रज्ञ. एकमेकांत गुंतलेल्या आकड्यांसाठी त्यांनी पार्शल लीस्ट स्क्वेअर्स, म्हणजे पीएलएस ही पद्धत उभी केली. मुलगा स्वांते वोल्ड रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ती रसायनशास्त्रात आणली. पीएलएस एका शिखराकडे बघत नाही. ग्लुकोज कमी-जास्त होताना संपूर्ण आलेखात नेमकं काय काय एकत्र हलतं, तो साचा शोधते.

२००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने औषध कंपन्यांना सांगितलं की शेवटी तपासत बसण्यापेक्षा प्रक्रिया चालू असतानाच मोजा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर टाकीतल्या एकाच रामन प्रोबने ग्लुकोज, लॅक्टेट, अमोनियम आणि जिवंत पेशींचं प्रमाण असं बरंच काही एकदम मोजून दाखवलं. आता हा आकडा थेट पंपाला जोडता येतो. साखर कमी झाली की पंप आपोआप सुरू, मधे माणूस नाही.

म्हणूनच इथे जरा थांबू या. बॅचमध्ये दिवसागणिक पेशी वाढतात, लॅक्टेट बदलतं, साखर घटते, सगळं एकाच वेळी. मग मॉडेल साखर न बघताच, फक्त पेशींच्या गर्दीवरून साखरेचा आकडा सांगायला शिकू शकतं. गाइड पाठ करून पास होणाऱ्या पोरासारखं! नेहमीच्या बॅचमध्ये मार्क उत्तम. पण ज्या दिवशी पेशी वेगळ्या वागतील, त्या दिवशी तेच मॉडेल बिनधास्त चुकीचा आकडा देईल आणि पंप तो खरा मानेल.

यावर उपाय आहेत. काही नमुन्यांत मुद्दाम वरून ग्लुकोज घालायचं, म्हणजे ही जोडी तुटते. परीक्षा घ्यायची ती मॉडेलने कधीच न पाहिलेल्या बॅचवर. आणि समोरचा आलेख शिकवलेल्या आलेखांसारखा आहे का, हे आधी तपासायचं. त्यासाठीचं एक माप, टी-स्क्वेअर, हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९३१ मध्येच मांडलं होतं. आलेख अनोळखी निघाला तर पंप थांबतो आणि माणसाला हाक जाते.

मंडळी, ऑटोमेशन म्हटलं की आपण वेगाचं कौतुक करतो. पण या टाकीतून निघालेलं औषध कुणाच्या तरी शिरेत जाणार असतं. अशा ठिकाणी 'हे मला माहीत नाही' असं वेळेवर सांगणारं मशीनच भरवशाचं.