पेवातली हळद आणि दिल्लीतली बंदी

ज्यांना अख्खा एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लेखी मजकूर. रेकॉर्डिंगमध्ये घाईत सुटलेल्या दोन-तीन गोष्टीही यात घातल्यात.

सुरुवात एका फोनपासून. माझे काका मिरज तालुक्यात शेती करतात. थोडी हळद, थोडं सोयाबीन, बाकी ऊस. मीच त्यांना मोबाईलवर वायद्याचे भाव बघायला शिकवलं होतं. एक दिवस त्यांचा फोन आला, "आरं, हळदीचा म्होरल्या महिन्यांचा रेट दिसतोय. सोयाबीनचा का दिसंना? तुझं ते ॲप बिघडलंय का बघ की."

ॲप ठीक होतं. 20 डिसेंबर 2021 रोजी सेबीने सोयाबीन, हरभरा, मोहरी, गहू, मूग, बिगर-बासमती भात आणि कच्चं पामतेल यांचे नवे वायदे एका वर्षासाठी थांबवले. पुढे ती मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. मी काकांना हे सांगितलं. त्यावर त्यांचा दुसरा प्रश्न आला, "मग हळदीचा कसा काय चालू ठेवला?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी विश्रामबागहून गाडी काढून हरिपूरला गेलो आणि मग जुनी कागदपत्रं वाचत बसलो. आजचा भाग त्यावर आहे.

आधी हरिपूर. कृष्णा आणि वारणेच्या संगमावरचं हे गाव, 'संगीत शारदा' लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं जन्मगाव. पण व्यापाऱ्यांच्या जगात हरिपूर ओळखलं जायचं पेवांमुळे. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला खड्डा. तोंड अरुंद, पोट मोठं, साधारण रांजणासारखा आकार. इथली माती घट्ट, ढासळत नाही आणि ओल धरत नाही. आतून शेणाने सारवायचं, पाला-गवताचा थर द्यायचा, हळद भरायची आणि तोंड बंद करून वर माती टाकायची. आत हवा नाही, त्यामुळे कीड नाही. हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, कारण गुदमरून माणूस जायचा. आधी काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा, तो विझला नाही तरच हमाल खाली उतरणार. ना वीज, ना मशीन, तरी हे एक भलंमोठं गोदाम होतं.

आता इंजिनिअरच्या डोक्याने विचार करा. हळद लावायची मे-जूनमध्ये, काढायची जानेवारी-फेब्रुवारीनंतर. मग शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. बाजारात सगळा माल दोन-तीन महिन्यांत येतो आणि लोक मात्र वर्षभर खातात. म्हणजे कुणीतरी माल विकत घेऊन थांबायला हवं. थांबणाऱ्याचे पैसे अडकतात आणि भाव पडला तर तो बुडतो. जिथे साठवणूक स्वस्त आणि माल टिकाऊ, तिथे "चार महिन्यांनी या हळदीची किंमत काय असेल?" या प्रश्नावर सौदे होणारच. एकदा माल पेवात गेला की मालक बदलायला तो हलवावाही लागत नाही. वायदेबाजाराला लागणारी जमीन सांगलीत अशी अक्षरशः जमिनीखालीच तयार होती.

सांगली शहरही तसं व्यापारासाठीच वाढलेलं. 1801 च्या सुमारास चिंतामणराव पटवर्धनांनी मिरजेपासून वेगळं होऊन इथे राजधानी केली आणि गणपती पेठेसारख्या पेठा वसल्या. पुढे राजापुरी हळदीचा भाव म्हणजे सांगलीचा भाव असं समीकरण झालं. हळदीच्या वायद्यांसाठी 'स्पाइसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज' ही सरकारमान्य संस्था सांगलीतच होती.

वायदा म्हणजे काय ते काकांच्या भाषेत सांगतो. मे महिन्यात लागण करताना कुणीतरी म्हणतं, "पुढच्या एप्रिलची हळद मी आज ठरलेल्या भावाने घेतो." शेतकऱ्याला पटलं तर भावाची चिंता त्याने दुसऱ्याला विकली. नाही पटलं, तरी त्याला एक आकडा कळला. ज्यांचे स्वतःचे पैसे लागलेत, अशा शेकडो लोकांच्या अंदाजातून निघालेला आकडा. यात नवीन काही नाही. जपानमध्ये ओसाकाच्या दोजिमा बाजारात तांदळाचे असे सौदे 1730 मध्ये सरकारमान्य झाले होते. आपल्याकडे मुंबईत कापसाचा संघटित वायदेबाजार 1875 पासून होता.

मग स्वातंत्र्य आलं आणि 1952 मध्ये वायदे करारांच्या नियमनाचा कायदा झाला. नियमन ठीकच. पण 1960 च्या दशकात युद्ध, दुष्काळ, अमेरिकेहून येणारा गहू आणि आकाशाला भिडलेले भाव. सरकारला कुणीतरी दोषी हवा होता आणि सटोडिया हाताशीच होता. कापूस, ताग, तेलबिया, एकेकाचे वायदे बंद झाले. 1966 नंतर देशातला हा धंदा जवळजवळ संपला. उरले फक्त दोन किरकोळ माल: मिरी आणि हळद. मिरीचा बाजार कोचीत, हळदीचा आपल्या सांगलीत.

'किरकोळ' हा शब्द माझा नाही. वायदेबाजाराचा सरकारी इतिहास सांगताना या दोघींना असंच म्हटलं गेलंय. काकांच्या प्रश्नाचं उत्तर त्या शब्दात आहे. हळदीचा बाजार चांगला चालतो, त्यातून शेतकऱ्याला फायदा होतो, असा कुणी अभ्यास करून ती सोडली नव्हती. चिमूटभर लागणारी वस्तू. हळद महागली म्हणून दिल्लीत सरकार पडत नाही, म्हणून ती वाचली.

1980 मध्ये खुस्रो समितीने आणि 1994 मध्ये काबरा समितीने वायदे पुन्हा खुले करा म्हणून सांगितलं. प्रत्यक्षात सगळी दारं उघडली 2003 मध्ये. त्यानंतर एनसीडीईएक्ससारखे कॉम्प्युटरवरचे देशव्यापी बाजार आले आणि सांगलीचा स्थानिक वायदेबाजार मागे पडला. 2005 च्या महापुरात कृष्णेचं पाणी हरिपूरच्या पेवांत शिरलं, हळद सडली आणि व्यापारी कोल्ड स्टोरेजकडे वळले. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचं जमिनीखालचं गोदाम मात्र आता बरंचसं आठवणीत उरलंय.

आणि बंदीची सवय? 2007 मध्ये महागाई वाढली तेव्हा गहू, तांदूळ, तूर, उडीद यांचे वायदे थांबले. त्यावर अभिजित सेन समिती नेमली गेली. 2008 च्या अहवालात तिला वायद्यांमुळेच भाव वाढले असा ठोस पुरावा मिळाला नाही. सेन काही मुक्त बाजाराचे भक्त नव्हते, उलट बाजूचे होते, म्हणून हे महत्त्वाचं. तरीही 2021 मध्ये तीच गोळी पुन्हा दिली गेली.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल हा फक्त आपल्याच टीमसाठी टाळ्या वाजवतो. वायदेबाजारात लबाडी होते. 1955-56 मध्ये शिकागोत दोन व्यापाऱ्यांनी जवळजवळ सगळा कांदा ताब्यात घेतला, मग भाव पाडूनही पैसे कमावले. शेवटी कांद्यापेक्षा गोणी महाग झाली आणि शेतकरी रस्त्यावर आले. 1958 मध्ये अमेरिकेने कांद्याच्या वायद्यांवर कायद्याने बंदी घातली, ती आजही आहे. माझं म्हणणं एवढंच, की दोन माणसांना सगळा माल दाबता येऊ नये यासाठी सौद्यांवर मर्यादा घालता येते, मार्जिन वाढवता येतं, माल प्रत्यक्ष द्यायची सक्ती करता येते. बाजारच बंद केला तर लबाडाबरोबर काकांचा आकडाही जातो.

हळदीनेच हे दाखवलंय. 2010 मध्ये हळद क्विंटलला 15 हजारांच्या वर गेली. सगळ्यांनी हळद लावली आणि 2012 च्या सुरुवातीला भाव 4 हजारांच्या आसपास आला. आमच्या घरातही त्या वर्षी तोंडं उतरली होती. वायदा चालू होता, तरी ही पडझड थांबली नाही, हे मान्यच करायला हवं. पण त्या तेजीत कुणी हळदीचा बाजार बंद केला नाही. जास्त भावाने जास्त लागण झाली, जास्त मालाने भाव उतरला. आणि शेतकऱ्याचं नुकसान का झालं? बहुतेकांनी चालू भाव बघून लागण केली, पुढचा भाव कुणी बघितलाच नाही. एका सौद्याला काही टन माल लागतो, दीड एकरवाल्याला तो झेपतच नाही. म्हणजे काम करायचं ते इथे आहे: सौदे लहान करा, शेतकरी कंपन्यांना त्यात उतरू द्या, गोदामाची पावती तारण ठेवून कर्ज मिळू द्या.

शरद जोशींचा जन्म साताऱ्याचा. आयुष्यभर ते सांगत राहिले की शेतकऱ्याला दया नको, बाजाराचं आणि तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य द्या. वायदेबाजारालाही त्यांचा पाठिंबा होता. हळदीची गोष्ट वाचताना मला त्यांच्या म्हणण्याची धार कळली. आपल्याकडे शेतमालाचं स्वातंत्र्य हक्क म्हणून मिळत नाही, दुर्लक्षामुळे मिळतं. ज्या पिकाकडे दिल्लीचं लक्ष गेलं, त्याचा बाजार कधीही बंद होऊ शकतो. सोयाबीन महत्त्वाचं ठरलं, ही त्याची चूक.

मी काकांना हे सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हंजे हळदीकडं कुणाचं लक्ष जाऊ नये, एवढंच आपण म्हणायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर व्हॉइस नोट पाठवा. तुमच्या घरी हळद, सोयाबीन किंवा हरभरा पिकत असेल, तर पेरताना भावाचा अंदाज कसा बांधता तेही सांगा. निवडक उत्तरं पुढच्या भागात ऐकवतो. तोपर्यंत, भेटू.