अर्विंगचं पाणी आणि अंगणातली हरळी

अर्विंग शहर वाढलं ते टेक्ससच्या सर्वांत मोठ्या दुष्काळात. १९०३ साली रेल्वेच्या कडेला आखलेलं हे गाव १९५० च्या जनगणनेत जेमतेम २,६०० वस्तीचं होतं. १९६० मध्ये तीच वस्ती ४६,००० च्या घरात गेली. आणि मधली सात वर्षं पावसाने जवळजवळ पाठ फिरवली होती. १९५६ च्या अखेरीला राज्यातल्या २५४ काउंट्यांपैकी २४४ दुष्काळग्रस्त जाहीर झाल्या होत्या. शेजारच्या डॅलसने नाइलाजाने रेड रिव्हरचं खारट पाणी आणलं. त्याने नळ गंजले, बागा करपल्या आणि लोक पिण्याचं पाणी विकत घेऊ लागले. आज आपण ज्या शहराला हिरवंगार म्हणून ओळखतो, त्याच्या पायाशी हे दशक आहे.

१९५७ च्या वसंतात पाऊस आला तो पूर घेऊनच. त्याच वर्षी राज्याने टेक्सस वॉटर डेव्हलपमेंट बोर्ड स्थापन केलं. दुष्काळातून टेक्ससने जो धडा घेतला तो ‘कमी वापरा’ हा नव्हता, ‘जास्त साठवा’ हा होता. इथे मोठी नैसर्गिक तळी जवळजवळ नाहीतच. आपण सहलीला जातो ती ग्रेपव्हाइन आणि लुईसव्हिल ही दोन्ही ‘लेक’ म्हणजे धरणांचे जलाशयच आहेत, आणि दोन्ही त्याच दुष्काळी दशकात पूर्ण झाले.

अर्विंगच्या हक्काचं पाणी मात्र याहून दूर आहे. ईशान्येला, शंभराहून जास्त किलोमीटरवर, साउथ सल्फर नदीवर चॅपमन लेक आहे. त्या धरणाला काँग्रेसची मंजुरी मिळाली १९५५ मध्ये, ऐन दुष्काळात. मग पर्यावरणाच्या मुद्द्यावर कोर्टकज्जे झाले, काम वर्षानुवर्षं अडलं आणि पाणी अडवायला सुरुवात झाली ती १९९१ मध्ये. मधली छत्तीस वर्षं ऐकून आपल्याकडच्या कुठल्याही धरणाची आठवण व्हावी! तिथलं पाणी पाइपलाइनने लुईसव्हिलच्या दिशेला येतं, डॅलसच्या केंद्रात शुद्ध होतं आणि मग आपल्या स्वयंपाकघरातल्या नळाला येतं. हे अर्विंगमध्ये वर्षानुवर्षं राहणाऱ्या फार थोड्यांना माहीत असतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पुण्यात अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणलं तेव्हा ते शहरातल्या हौदांत पडत असे. हौदातली पातळी उतरली की पाणी भरायला आलेल्या प्रत्येकाला ती दिसायची. चॅपमन लेकची पातळी उतरली तर अर्विंगमध्ये कोणाला दिसणार?

आपली काटकसर त्या हौदाच्या, पिंपाच्या, सकाळी तासभर येणाऱ्या नळाच्या शाळेत शिकलेली आहे. इथे आलेली आई अजूनही बादलीने अंघोळ करते, तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालते. चांगलंच आहे ते. पण जरा हिशेब मांडू. १९९४ पासूनच्या नियमाप्रमाणे शॉवरमधून मिनिटाला जास्तीत जास्त अडीच गॅलन, म्हणजे साडेनऊ लिटर पाणी येतं. आठ मिनिटांच्या अंघोळीला सुमारे ७५ लिटर. वीस लिटरच्या बादलीने ५५ लिटर वाचले. चौघांच्या घरात आठवड्याला दीड हजार लिटर. आता बाहेर या. ४,००० चौरस फुटांच्या हिरवळीवर एक इंच पाणी शिंपडलं की २,५०० गॅलन जातात, म्हणजे ९,४०० लिटर. घरातल्या सगळ्यांनी सहा आठवडे बादलीने अंघोळ करून जे वाचवलं, ते पहाटे चारला, आपण झोपेत असताना, स्प्रिंकलरने एका आठवड्यात संपवलं.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर, साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास. जगभरच्या मराठी घरांत ते फोटो पाहिले गेले. वरच्या हिशेबाने तेवढं पाणी म्हणजे व्हॅली रँचमधल्या पन्नास-पंचावन्न घरांच्या एका गल्लीची, एका आठवड्याची हिरवळ.

घराच्या आतली बचत इथे बरीचशी कायद्याने झाली. १९९२ च्या केंद्रीय कायद्यामुळे १९९४ पासून नवे फ्लश १.६ गॅलनचे, म्हणजे सहा लिटरचे झाले; त्याआधीचे साडेतीन गॅलन आणि त्याहूनही जास्त पाणी ओतत. व्हॅली रँचमधली पुष्कळ घरं ऐंशीच्या दशकातली आहेत. अशा घरात मूळचा कमोड अजून शाबूत असेल, तर तो बदलणं हे बादलीपेक्षा मोठं काम आहे.

अंगणात कायदा पोचायला वेळ लागला, कारण तिथे एचओएचं राज्य. हिरवळ पिवळी पडली की नोटीस, पावसाच्या पाण्याचं पिंप दिसलं की नोटीस. २००३ मध्ये राज्याने सांगितलं, की एचओएला पर्जन्यसंचयावर बंदी घालता येणार नाही. २०११ च्या उन्हाळ्यात डॅलस-फोर्टवर्थमध्ये ७१ दिवस पारा शंभर फॅरनहाइटच्या वर होता. त्याच वर्षी हा नियम आणखी पक्का केला गेला. २०१३ मध्ये कमी पाण्याच्या बागेलाही तसंच संरक्षण मिळालं. अशी बाग करायची तर एचओए सविस्तर आराखडा मागू शकते, पण अवाजवी कारणाने नाकारू शकत नाही. म्हणजे पन्नासच्या दशकात न घेतलेला दुसरा धडा साठ वर्षांनी अंगणापर्यंत आला.

तेवढ्यात कोणी विचारेल, घराच्या पायाचं काय? प्रश्न रास्त आहे. या पट्ट्यातली काळी चिकणमाती म्हणजे आपल्या मराठवाड्या-विदर्भातल्या काळ्या मातीची सख्खी बहीण. तीही कापसाचीच. उन्हात आकसते, भेगा पडतात आणि वरचा स्लॅब तडकतो. म्हणून पायाच्या कडेने झिरपणारी नळी ठेवायला निर्बंधांच्या काळातही सहसा मुभा असते. ते पाणी उधळपट्टी नव्हे.

हिरवळीची गोष्ट निराळी. इथल्या अंगणात जे बर्म्युडा गवत मोठ्या हौसेने जपलं जातं, ती आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा, आणि शेतकरी नांगरून, खणून जिचं नाव काढतो तीही हीच. कडक उन्हाळ्यात ती तपकिरी पडून निजते आणि पावसाच्या एका सरीने परत फुटते. ज्यांच्या अंगणात सेंट ऑगस्टीन आहे त्यांना जास्त काळजी घ्यावी लागते, पण बर्म्युडावाल्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये तिला थोडं निजू द्यायला हरकत नाही.