पॉली उम्रीगर : सोलापुरात जन्मलेला विक्रमवीर

भारत 1932 साली पहिला कसोटी सामना खेळला आणि त्यानंतरच्या तीस वर्षांत सर्वाधिक कसोटी सामने, सर्वाधिक धावा व सर्वाधिक शतके हे देशाचे तिन्ही विक्रम ज्या एका खेळाडूच्या नावावर जमा झाले, ते पहलन रतनजी ऊर्फ पॉली उम्रीगर 28 मार्च 1926 रोजी सोलापुरात जन्मले. 1860 साली रेल्वे पोहोचलेले आणि 1877 मध्ये सुरू झालेल्या, पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या कापडगिरणीने ज्याचा कायापालट केला, असे ते शहर होते. पारशी उम्रीगर कुटुंबाचा व्यवसायही कापडाशीच निगडित होता. पॉली शाळकरी वयात असतानाच हे कुटुंब मुंबईस स्थलांतरित झाले, त्यामुळे सोलापूरशी असलेला त्यांचा संबंध बालपणापुरताच राहिला.

मुंबईत तेव्हा पंचरंगी सामन्यांचे, म्हणजे हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन आणि ‘इतर’ अशा पाच संघांच्या स्पर्धेचे, मोठे आकर्षण होते. त्यात 1944 साली अठराव्या वर्षी पारशी संघातून उम्रीगर यांनी पदार्पण केले. 1948 मध्ये वेस्ट इंडीजच्या पाहुण्या संघाविरुद्ध विद्यापीठांच्या संयुक्त संघाकडून त्यांनी नाबाद 115 धावा काढल्या आणि त्याच डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांना कसोटीत स्थान मिळाले. फेब्रुवारी 1952 मध्ये मद्रास येथे भारताने इंग्लंडला एक डाव आणि 8 धावांनी हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा त्यांची नाबाद 130 धावांची खेळी सहकारी विनू मंकड यांच्या 12 बळींइतकीच मोलाची ठरली.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेड ट्रूमन यांच्या वेगवान गोलंदाजीपुढे ते सपशेल निष्प्रभ ठरले आणि कसोटींतील 7 डावांत त्यांच्या वाट्याला अवघ्या 43 धावा आल्या. हे अपयश पुढे अनेक वर्षे त्यांच्या नावाला चिकटून राहिले. परंतु 1953 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातील दोन शतकांसह 560 धावा आणि 1959 साली मँचेस्टर येथे ट्रूमन समोर असताना काढलेल्या 118 धावा पाहता, त्या एका दौऱ्यावरून त्यांची पारख करणे न्याय्य ठरत नाही.

नोव्हेंबर 1955 मध्ये हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध 223 धावा काढून ते कसोटीत द्विशतक करणारे पहिले भारतीय ठरले. मालिकेच्या पुढच्याच सामन्यात मंकड यांनी नेमक्या तेवढ्याच धावा काढल्या आणि नंतर मद्रासला 231 धावा करून हा उच्चांक मोडला. या दोन्ही वेळी कर्णधार उम्रीगरच होते आणि दोन्ही सामने भारताने जिंकले. एकूण 8 कसोटींत त्यांनी नेतृत्व केले. 1958-59 च्या मालिकेत मात्र संघनिवडीवरून भारतीय क्रिकेट मंडळाशी मतभेद झाल्याने त्यांनी मद्रास कसोटीच्या तोंडावर कर्णधारपद सोडले, पण खेळाडू म्हणून संघातील त्यांचे स्थान कायम राहिले.

त्यांच्या अष्टपैलुत्वाचा सर्वांत ठळक पुरावा वेस्ट इंडीजविरुद्धच्या 1962 च्या पोर्ट ऑफ स्पेन कसोटीत मिळतो. ऑफस्पिन गोलंदाजी, म्हणजे उजव्या हाताच्या फलंदाजासाठी बाहेरून आत वळणारा चेंडू टाकून त्यांनी 107 धावांत 5 बळी घेतले, पहिल्या डावात 56 धावा केल्या आणि फॉलोऑन मिळाल्यावर, म्हणजे पिछाडीमुळे लगोलग दुसरा डाव खेळावा लागल्यावर, नाबाद 172 धावा काढल्या. तरीही वेस्ट इंडीजने हा सामना 7 गडी राखून जिंकला.

59 कसोटींत 3,631 धावा, 12 शतके आणि 35 बळी अशी कामगिरी करून त्यांनी निवृत्ती घेतली. त्यांचे धावांचे व शतकांचे विक्रम पुढे सुनील गावसकर यांनी मागे टाकले. निवड समितीचे अध्यक्ष, मंडळाचे कार्यकारी सचिव आणि वानखेडे स्टेडियमच्या खेळपट्टीची देखभाल करणारे जाणकार अशा नात्यांनी ते खेळाशी जोडलेले राहिले आणि 7 नोव्हेंबर 2006 रोजी मुंबईत निधन पावले. वर्षातील सर्वोत्तम भारतीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूला मंडळातर्फे दिला जाणारा पुरस्कार त्यांच्या नावाने आहे. त्यांचे विक्रम केव्हाच मागे टाकलेल्या पिढ्यांतील खेळाडू तो स्वीकारतात आणि विक्रमांच्या यादीत खाली सरकलेले सोलापूरच्या या सुपुत्राचे नाव त्या निमित्ताने पुन्हा उच्चारले जाते.