हाय बॉनेट

जुनी अमेरिकन स्पोर्ट्स कार घ्यावी आणि रविवारी तिच्या बॉनेटमध्ये डोकं खुपसून बसावं, हे माझं इंजिनिअरिंगच्या दिवसांपासूनचं स्वप्न. कॉर्व्हेटचं. वाट्याला आली ती देवळाली प्रवरा इथल्या मळ्यात गोठ्याशेजारी उभी असलेली आबांची जीप. दोन्ही मॉडेलांचं जन्मवर्ष मात्र एकच, १९५३.

त्या वर्षी शेव्हरलेने फायबरग्लासच्या बॉडीच्या ३०० कॉर्व्हेट बनवल्या, सगळ्या पांढऱ्या. त्याच वर्षी विलीजने सीजे-३बी जीप आणली. तिच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले. इंजिन उंच झालं, ते मावावं म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. म्हणून आपल्याकडे ती ‘हाय बॉनेट’.

आणि १९५३मध्येच भारताच्या टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की ज्यांना टप्प्याटप्प्याने गाडी इथेच बनवायची आहे, अशाच कंपन्यांना वाव द्यावा. शेव्हरले ज्यांची, ती जनरल मोटर्स १९२८पासून मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी करत होती. तिने १९५४मध्ये कारखाना बंद केला. महिंद्राने १९४७मध्ये विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली होती. ते टिकले, हळूहळू भागही इथेच बनवू लागले. अमेरिकेत सीजे-३बी १९६८मध्ये थांबली. आपल्याकडे ती पुढेही बरीच वर्षं निघत राहिली. कॉर्व्हेटचा एखादा भाग मला परदेशातून मागवावा लागला असता. जीपचे पाटे आजही गावच्या मिस्त्रीकडे बसवून मिळतात.

आमची जीप १९६९ची. स्टिअरिंग अमेरिकेसारखं डावीकडे, मागे ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ रंगवलेलं. आबांनी ती उसाच्या पैशातून जुनीच घेतली. पुढे पेट्रोल परवडेना, तेव्हा डिझेल इंजिन बसवून घेतलं. हरिकेन गोठ्यात पोत्याखाली गेलं.

ते परत बसवायचं मी ठरवलं. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. पण त्याच नियमांत असंही आहे, की अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला मनाई.

मिस्त्रींना हे वाचून दाखवलं. पाना पुसत ते म्हणाले, “म्हणजे आबांनी एवढी वर्षं चालू ठेवलेली गाडी तू बंद करायला निघालास.”

मी ज्याला बिघडवलेलं मूळ रूप समजत होतो, तो खरं तर जीपचा इतिहासच होता. कमिशनचा निर्णय, उसाचा भाव, पेट्रोलचा भाव, सगळं त्या डिझेल इंजिनात आहे. ते काढून १९६९ परत आणायचं, तर मधल्या काळातले आबा पुसले जाणार.

हरिकेन साफ केलं, तेल लावून पुन्हा झाकून ठेवलं. जीपला नवे पाटे टाकले. आबांना शेजारी बसवून कालव्यापर्यंत फिरवून आणलं. आता दर ५ वर्षांनी तपासणी करून नोंदणी नवी करायची. पुढची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवली आहे.