सर्पदंशावरील उपचार: परळ ते डहाणू

रात्रीं भुईवर निजलेल्या माणसास मण्यार चावली, तर पुष्कळदां दंशाची खूणहि दिसत नाहीं. पहांटे पापण्या जड होतात आणि पुढें श्वास अडखळूं लागतो. डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर पावसाळ्याच्या दिवसांत हें संकट जुनेंच आहे. त्यावरील उपचाराची शिस्त मात्र अलीकडची. तिची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

फ्रान्समध्यें कालमेत आदि संशोधकांनीं १८९४ सालीं सर्पविषावर प्रतिविष सिद्ध केल्याचें जाहीर केलें. घोड्यास विषाची अल्प मात्रा टोंचावयाची, ती हळूहळू वाढवीत न्यावयाची, आणि मग त्याच्या रक्तांतील रक्षक द्रव्य वेगळें काढावयाचें, अशी ही रीत. १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत आलेल्या प्लेग प्रयोगशाळेस १९२५ सालीं हाफकिनचें नांव मिळालें. तेथें पुढें नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांवर चालणारें औषध तयार होऊं लागलें.

परंतु औषध मुंबईंत तयार होणें निराळें, आणि तलासरीच्या रुग्णाच्या शिरेंत तें वेळेवर जाणें निराळें. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं झाला. तोंवर जिल्ह्याचें ठिकाण दूर ठाण्यास होतें. औषध जवळ असूनहि तें देण्याचा धीर झाला नाहीं, तर रुग्ण पुढें धाडला जातो आणि मोलाचा वेळ वाटेंत सरतो.

हा धीर ज्ञानानें येतो. स्वच्छ, कोरड्या कांचेच्या नळींत रुग्णाचें ताजें रक्त घेऊन २० मिनिटें न हलवितां ठेवावें; तें गोठलें नाहीं, तर घोणस वा फुरशासारख्या सर्पाचें विष भिनलें असें समजावें. लहान मुलासहि प्रतिविष मोठ्या माणसाएवढेंच द्यावें, कारण सर्प वय पाहून विष सोडीत नाहीं. औषधाची बाधा झाल्यास ॲड्रिनॅलिन हाताशीं असावें.

परळच्याच राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयांतील सर्पदंशाच्या नोंदी तपासून २०१९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. डॉक्टरांच्या जोडीनें आशा कार्यकर्त्या व भगत यांसहि त्यांनीं शिकविलें. यांत मोठें शहाणपण आहे. पाड्यावर पहिली हांक भगतासच जाते. त्यानें ताबडतोब रुग्णालयाची वाट दाखविली, कीं अर्धें काम झालें.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं सर्पदंशास उपेक्षित रोगांत गणलें. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा संकल्प भारतानें २०२४ सालीं केला. तो पार पडेल, तो पावसाळी रात्रीं घड्याळ समोर ठेवून त्या कांचेच्या नळीकडे लक्ष देणाऱ्या परिचारिकेच्या हातून.